सिव्योचं शेवटचं कडवं

आमच्या बुखाऱ्याच्या ज्यू मोहल्ल्यात लग्न झालेला पुरुष ओळखायची एक खूण आहे. त्याला म्हणायचं, "सिव्यो." तो लगेच एक गाल चोळतो. लग्नाच्या दिवशी बायकांच्या खोलीत गाणं रंगात आलं की नवरदेवाला आत डोकावायची खाज सुटते, आणि दाराशी डफ घेऊन बसलेल्या सोझंदाला, म्हणजे लग्नात गाणाऱ्या बाईला, ती खाज उतरवायचा हक्क असतो. इतर गाणाऱ्या बायका गालाला नुसता हात लावून हसतात. सिव्योनं हात लावला की बाहेर बसलेल्या व्याह्यांच्या पेल्यातला चहा हिंदकळायचा.

मोहल्ल्यानं तिचं नाव कर्नाय ठेवलं होतं. कर्नाय म्हणजे वरातीत वाजतं ते माणसापेक्षा उंच पितळी शिंग. आवाज तसाच, बांधाही तसाच. पन्नाशीला आली तरी पाठ सरळ, मनगटं गवंड्याची.

मार तिला नवा नव्हता. बाप अब्रोम खाटीक. मेंढ्या बांधायचा ओला दोर त्याच्या हाताशीच असायचा, आणि दुकानात गिऱ्हाईक कमी असलं की तो घरात वापरला जायचा. अठराव्या वर्षी तिला निस्सीम चांभाराच्या गळ्यात बांधली. दुसऱ्याच महिन्यात निस्सीमनं जोड्यात घालायचा लाकडी कलबूत फेकून मारला. सिव्योनं तांब्याची पाण्याची झारी उचलली आणि त्याच्या कानाखाली घातली. त्या कानानं निस्सीमला आजही ऐकू येत नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, "बायकोनं दिलेली एकच वस्तू आहे, जपून ठेवलीय."

फारकत झाली. बापानं दार उघडलं नाही. ती गेली म्हाताऱ्या इस्ताममावशीकडे, जिचा ताफा तेव्हा बुखाऱ्यात सगळ्यात नावाजलेला. इस्ताममावशी ठेका चुकला की वेताची छडी मनगटावर ओढायची. सिव्यो म्हणते, "मारलं मला सगळ्यांनीच. पण कशासाठी ते सांगून मारलं एकट्या मावशीनं."

मावशी गेल्यावर ताफा सिव्योकडे आला. आमच्या सोझंदा जुनी गाणी तर गातातच, पण ताफ्याची मुख्य बाई स्वतःही रचते, आणि स्वतः रचलेलं असेल तर शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालते. नाव ऐकलं की खोलीला कळतं, गाणं कुणाचं. दुसरा नियम असा की बायकांच्या खोलीत जे गायलं ते बायकांच्या खोलीत राहतं. बाहेर पुरुष प्लोव खात बसलेले असतात, त्यांना भिंतीतून ठेका ऐकू येतो, शब्द येत नाहीत. शेकडो वर्षं त्यांनी ते समजून घ्यायचा प्रयत्नही केलेला नाही. समोर भात असतो ना.

सिव्योनं या नियमाचा पुरेपूर फायदा घेतला. तिची गाणी बाईनं बाईसाठी म्हटलेली. नुसती सखी-मैत्रीण नव्हे. एकीचे केस दुसरी विंचरतेय आणि फणी मुद्दाम गुंतवून ठेवतेय, असं. एकीचं लग्न ठरलंय आणि दुसरी तिच्या हाताला मेंदी लावताना तिचं मनगट सोडत नाही, असं. माझी आई अशा बऱ्याच खोल्यांत बसलेली आहे. तिला विचारलं, तुम्हा बायकांना काही वाटायचं नाही? तर म्हणाली, "वाटायचं की. रडू यायचं. तुझ्या बापावर कुणी गाणं रचलं असतं तर कधीच झोप लागली असती."

ही गाणी कुणासाठी, हेही खोलीला ठाऊक होतं. मफ्रात. ताफ्यातली नाचणारी, मनगटांवर घुंगरं बांधून. लहानखुरी, पायानं चपळ आणि आवाजानं कावळा. नवरा कापूस पिंजायच्या गिरणीत पट्ट्यात सापडून मेला, मूल नव्हतं. ती ताफ्यात आली ती सिव्योच्याच घरी राहिली. मोहल्ला म्हणायचा, "दोघी एकट्या, एकमेकींना सोबत." मोहल्ल्याला डोळे होते, पण गाण्याला सिव्योच लागायची, म्हणून मोहल्ला डोळे मिटून घ्यायचा.

भानगड सुरू झाली ती सिव्योच्या भाचीच्या, बुलोरच्या लग्नात.

बुलोर ही सिव्योच्या धाकट्या भावाची, हिस्कियोची मुलगी. हिस्कियो बापाच्याच दुकानात खाटीक, बापासारखाच रुंद, आणि बापाचा दोरही त्यानं खुंटीवरून काढलेला नव्हता. लग्नात वरपक्षाकडून ताश्कंदची फ्रेखो आली होती, नवऱ्या मुलाची बहीण. तिच्याकडे जपानी टेपरेकॉर्डर. तिनं तो गाद्यांच्या थप्पीत लपवला आणि चालू केला. वाईट हेतू नव्हता बिचारीचा. तिला ते गाणं ताश्कंदला नेऊन पुन्हा ऐकायचं होतं. मधेच कॅसेटची एक बाजू संपली, तिनं थप्पीत हात घालून उलटी केली आणि राहिलेलं दुसऱ्या बाजूवर घेतलं.

घरी तिच्या नवऱ्यानं, मनोशेनं, ती ऐकली. त्याला ती इतकी आवडली की त्यानं मित्राला उतरवून दिली. पण पहिलीच बाजू. दुसऱ्या बाजूवर काही आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आमच्याकडे पुस्तक छापायचं तर मॉस्कोपर्यंत परवानगी लागते, कॅसेट काढायला फक्त दुसरी कॅसेट लागते. दोन महिन्यांत ते गाणं टॅक्स्यांत, चांभारांच्या टपऱ्यांत, न्हाव्यांच्या दुकानांत. मी न्हावी, माझ्याही दुकानात होतं.

वेशीपाशी तुतीखाली सावली आहे गार,
तुझ्या हाती घुंगरं वाजती, माझ्या उरी वार.

आवाज सिव्योचा हे सगळ्यांनी ओळखलं. पण गाणं कुणाचं? शेवटचं कडवंच नाही, मग नाव कुठून कळणार? एकदा दुकानात हा वाद चालला असताना हिस्कियो खुर्चीतून म्हणाला, "माझ्या बापाचं आहे. मांस तोडताना गुणगुणायचा. तिथूनच उचललं बयेनं."

असं तो का म्हणाला देव जाणे. बहुधा आपण म्हणतोय ते त्याला तोंडातून निघाल्यावरच कळलं असावं. पण माणसं इतकी भारावली, की त्याला माघार घेता येईना. अब्रोम खाटीक, ज्याच्या नावानं मुलं घाबरायची, तो आतून असा हळवा! दुसऱ्या दिवशी लोक हिस्कियोचं मांस अर्धा किलो जास्त घ्यायला लागले.

पुढे अब्रोमची पुण्यतिथी आली. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं जेवण घालतात, मुल्लो, म्हणजे आमचा ज्यू धर्मगुरू, प्रार्थना म्हणतो, गवई गंभीर जुनं काहीतरी गातो. हिस्कियोनं गवयाला सांगितलं, बाबांचंच गाणं म्हण. गवई दाढीवाला, भारदस्त. त्यानं डोळे मिटले आणि अब्रोमच्या फोटोसमोर घुंगरांचं गाणं लावलं. पुरुषांच्या डोळ्यांत पाणी. मुल्लो पिन्खास नाक शिंकरतायत. आणि शेजारच्या खोलीत बायकांनी तोंडात रुमाल कोंबलेले. माझी आई गुदमरून बाहेर आली, तिला पाणी द्यावं लागलं. लोकांना वाटलं अब्रोमची आठवण आली.

सिव्यो त्या खोलीतच होती. ती तेवढी हसली नाही.

"बोल की काहीतरी," आईनं तिला म्हटलं.

"काय बोलू? माझ्या पाठीवर दोराचे वळ उठवणाऱ्याच्या तोंडी माझं गाणं घातलंय. आणि बोलावं तर ते मफ्रातवर शेकणार."

म्हणून ती गप्प राहिली. खोलीतलं खोलीत.

वर्षभरात बुलोरला मुलगा झाला. सुंतेचं जेवण तिच्या सासरच्या अंगणात ठरलं. त्यासाठी ताश्कंदहून मनोशे आधीच येऊन थडकला आणि येताना भेट घेऊन आला. हिस्कियो माझ्या दुकानात दाढी करवून घेत होता. चेहरा फेसानं माखलेला, मी वस्तरा उजव्या गालावर टेकवलेला.

"हिस्कियो-अको," मनोशे म्हणाला. अको म्हणजे दादा, आणि मनोशे तो शब्द लोणी लावून म्हणतो. "तुमच्या वडिलांचं गाणं पुरं घेऊन आलोय! दुसरी बाजू फ्रेखोपाशीच पडून होती. मीसुद्धा ऐकली नाही, म्हटलं पहिल्यांदा तुमच्यासोबतच ऐकू."

"लाव! लाव! बाबा समोर बसलेत असं वाटेल."

दुकान भरलेलं. टेप लागली. ठेका वाढला, बायकांच्या टाळ्या ऐकू आल्या, आणि मग सिव्योचा आवाज, अगदी मोकळा:

सिव्यो म्हणते, मफ्रात, लाव दाराला तू कडी,
जग बाहेर लाथा मारो, आत आपली घडी.

टेप फिरत राहिली. टेपमधल्या बायका किंचाळून हसत होत्या. कोपऱ्यात पाळीची वाट पाहत निस्सीम चांभार बसला होता. तो म्हणाला, "काय म्हणाली? मला एका कानानं नीट कळलं नाही. परत लाव की."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळंच दुकान फुटलं.

हिस्कियो ताडकन उठला. वस्तरा माझ्या हातात होता, गाल त्याचा होता, मी काही करण्याआधीच दोघांची गाठ पडली. फेसातून लाल रेघ उतरली. त्याला ती कळलीही नाही. त्यानं पहिला ठोसा मनोशेला दिला, भेटीबद्दल. दुसरा टेपरेकॉर्डरला. मग अर्धी दाढी तशीच घेऊन, गळ्यात माझा टॉवेल, तो गल्लीतून धावत सुटला.

सिव्योच्या दाराला कडी होती. ती दोन लाथांत निघाली.

आत मफ्रात शुक्रवारच्या जेवणाचे मासे साफ करत बसली होती. हिस्कियोनं तिला केसांनी धरून उठवली आणि भिंतीवर आपटली. सिव्यो आतल्या खोलीतून आली तोवर त्यानं मफ्रातचा पाय टाचेखाली धरला होता. तो नाचायचा पाय आहे हे त्याला माहीत होतं. घोट्याचं हाड मोडल्याचा आवाज शेजारणीनं भिंतीपलीकडून ऐकला.

"अपा म्हणतो मी तुला!" तो सिव्योवर ओरडला. "थोरली बहीण म्हणून अपा म्हणतो! आणि तू बापाची इज्जत न्हाव्याच्या दुकानात काढलीस?"

"बापाला मधे कुणी आणलं? मी?"

त्यानं उलट्या हाताची ठेवून दिली. बोटात जाड चांदीची अंगठी. सिव्योचे पुढचे दात गेले, वरचा ओठ फाटला. तिनं लसूण कुटायचा दगडी बत्ता उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो बसला, उठला, आणि भिंतीवरचे डफ एकेक करून पायाखाली फोडले. एकच राहिला, सिव्योनं छातीशी धरलेला. तो सोडवायला त्यानं तिची बोटं मागे वाकवली, पण बोटं गवंड्याची होती.

शेवटी दारात उभा राहून, धापा टाकत, त्यानं हुकूम सोडला. "सुंतेला सगळा मोहल्ला असेल. सगळ्यांसमोर तू हेच गाणं म्हणायचं. आणि शेवटी बाबांचं नाव. 'अब्रोम म्हणतो, लाडके.' नाही म्हटलंस, तर मफ्रातच्या दिराला शाख्रिसब्झहून बोलावतोच आहे. मूल नसलेली विधवा आहे ती. मोशेच्या कायद्यानं ती दिराची, आणि त्यानं तिला अजून मोकळी केलेली नाही. त्याच अंगणातून तिला गाडीत घालून देईन."

हे खोटं नव्हतं, हीच त्यातली मेख. दीर योनोतान याला कुणी कधी बोलावलंच नव्हतं, त्याला स्वतःचा हक्क आठवतही नसेल. पण मुल्लोंच्या पुढे तो हक्क होताच.

पुढचे दिवस त्या घरात काय झालं ते आईनं पाहिलं, कारण दोघींना सूप पाजायला तीच जायची. सिव्योचा ओठ टाके घालून सुजलेला, मफ्रातचा पाय प्लास्टरमध्ये. पोलिसात जायचं का, असं आईनं विचारलं. मफ्रात म्हणाली, "काय सांगू? भाऊ बहिणीला मारतो म्हणून? ठाणेदार विचारेल कशावरून, मग गाणं म्हणून दाखवू?"

भांडण त्या दोघींतच जुंपलं होतं.

"अब्रोम म्हण आणि सुटून जा," मफ्रात म्हणाली. "गाणं म्हणजे काही तान्हं पोर नाही, दुसऱ्याचं नाव लागलं म्हणून रडायला."

"माझ्याच तोंडानं त्याला गोड करू? दोर मारायचा तो मला. ओला करून मारायचा."

"मेला ना तो! मी जिवंत आहे!" मफ्रातनं सूपाची वाटी भिंतीवर मारली. "मला योनोतानच्या बायकोच्या हाताखाली भांडी घासायची नाहीत या वयात. तू आणखी दहा गाणी करशील. दुसरी मफ्रात कुठून आणणार आहेस?"

सिव्योनं घमेल्यात रक्ताची गुळणी टाकली.

"बरं," ती म्हणाली. "अब्रोम."

सुंतेच्या दिवशी दुपारी अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. कढईत बाख्श, आमचा कोथिंबिरीचा हिरवा भात, शिजत होता. मुल्लो पिन्खासनी आपलं काम चोख केलं, पोरानं मोहल्ला डोक्यावर घेतला, वोडक्याची पहिली फेरी झाली. योनोतान खरंच आला होता. मधोमध, पाहुण्याच्या गादीवर. टक्कल, पोट, निरागस तोंड. आपल्याला का बोलावलंय हे त्याला पुरतं कळलेलं नसावं, पण भात कुठल्या कढईत आहे हे कळलेलं होतं.

हिस्कियो उठला. गालावर माझ्या वस्तऱ्याची खपली. "मोहल्ल्यात काही टवाळांनी अफवा पिकवलीय," तो म्हणाला. "आज माझी अपा स्वतः गाऊन सांगेल गाणं कुणाचं ते. बाबांचं गाणं, बाबांच्या पणतवासाठी!"

सिव्यो डफ घेऊन उभी राहिली. सोझंदा पुरुषांसमोर गातेय, हेच मोहल्ल्यानं पहिल्यांदा पाहिलं. दात नसल्यानं शब्दांतून शिट्टी येत होती, ओठाचा टाका ताणला की रक्त यायचं. पण ठेका असा पडत होता, की वोडका पिणाऱ्यांचे हात मधेच थांबले. तुतीची सावली झाली. घुंगरं झाली. ती शेवटच्या कडव्यावर आली, डोळे मिटले, आणि तोंड उघडलं.

"अब्रो..."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक आवाज फाटला. कावळ्यालाही लाज वाटावी असा. मफ्रात कुबडीवर उभी होती, आणि गात होती. सुराचा पत्ता नाही, तालाची ओळख नाही, पण शब्द एकही गाळला नाही:

"सिव्यो म्हणते, मफ्रात, लाव दाराला तू कडी!"

"गप्प बस, बये!" हिस्कियो गरजला.

"जग बाहेर लाथा मारो..." मफ्रात आणखी जोरानं, "...आत आपली घडी! माझ्यावर केलंय ते गाणं, हिस्कियो! तुझ्या बापावर कोण गाणं करणार? मेंढ्या?"

हिस्कियो बायकांच्या गाद्या तुडवत तिच्यापर्यंत पोचला, तिची कुबडी लाथेनं उडवली आणि केसांना हात घातला. त्याच्या मागून सिव्यो आली. तिनं डफ दोन्ही हातांनी, कडेनं धरला आणि त्याच्या तोंडावर घातला. लाकडी कड नाकावर बसली. कातडं फाटून डफ त्याच्या डोक्यातून गळ्यात गेला आणि आतल्या लोखंडी कड्या सुटून बाख्शच्या कढईत पडल्या. तो पडायच्या आत तिनं त्याला तसाच डफाच्या कडेनं धरून दोनदा द्राक्षाच्या खांबावर आपटला.

मग सगळंच अंगण उठलं. सोडवायला म्हणून गेलेल्यांनी एकमेकांचे जुने हिशेब काढले. टॅक्सीवाल्यानं शिंप्याला लोळवला, तो कशासाठी ते त्या दोघांनाच माहीत. माझ्या आईनं कढईतला मोठा झारा घेतला आणि हिस्कियोच्या बाजूनं धावणाऱ्या व्याह्याच्या टाळक्यात घातला. मुल्लो पिन्खास "शांत व्हा, पवित्र दिवस आहे" म्हणत मधे आले आणि त्यांच्या ओठावर कुणाचा तरी कोपर बसला. मनोशे टेबलाखाली होता. शेजारचा मिलिशियातला पोलीस भिंतीवरून डोकावला, पाहिलं, आणि पुन्हा खाली उतरला. बुलोर बाळाला छातीशी धरून किंचाळली, "बाबा, माझ्या पोराच्या जेवणात रक्त सांडू नका!"

त्यानं हात थांबले. हिस्कियो जमिनीवर, नाक बाजूला सरकलेलं, गळ्यात डफाची चौकट. त्यानं बोट उगारलं.

"योनोतान! उठ! तुझी बाई आहे ती. घेऊन जा हिला इथून!"

सगळ्यांच्या माना योनोतानकडे वळल्या. त्याच्या हातात भाताचा घास तसाच होता. त्यानं मफ्रातकडे पाहिलं. मग तिच्यापुढे उभ्या सिव्योकडे. तिच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं आणि बोटांत खांबाची साल अडकली होती.

"मी जेवायला आलोय, अको," योनोतान म्हणाला. "माझी बायको मला मारेल."

"मग मोकळी कर मला," मफ्रात म्हणाली. ती खाली बसली होती, प्लास्टरचा पाय पुढे. "आत्ता. इथंच. मुल्लो, जोडा आणा."

मुल्लो पिन्खासनी ओठावरचा रुमाल काढला. "आज? सुंतेच्या दिवशी? पंच लागतात, साक्षी लागतात..."

"अख्खा मोहल्ला साक्षीला आहे," माझी आई झारा हातात घेऊन म्हणाली. "पंच निवडा, नाहीतर मी निवडते."

विधवेनं दिराच्या पायातला जोडा काढला की त्याचा हक्क संपतो. प्रार्थनाघरात या विधीचा चामड्याचा जोडा असतो, वाद्यांचा, लेसबिस काही नसलेला. तो आणून योनोतानच्या पायात चढवला. सुजलेल्या डोळ्यांचे पंच एका ओळीत बसले. योनोताननं उजवा पाय पुढे केला, इतक्या घाईनं की पडता पडता राहिला. "घे बाई, जोडा घे, हवा तर मोजाही घे!" मफ्रातनं वाकून उजव्या हातानं वाद्या सोडल्या, जोडा काढला आणि दूर भिरकावला. मग थुंकायचं असतं, दिरासमोर, जमिनीवर. मफ्रातचा नेम तिच्या आवाजासारखाच. थुंकी योनोतानच्या झग्यावर पडली.

मुल्लोंनी खाली वाकून पाहिलं. "ओघळून जमिनीवर उतरली आहे," ते म्हणाले. "चालेल. मोकळी झाली."

त्या दिवसानंतर मोहल्ल्यातली निम्मी घरं सिव्योला बोलवत नाहीत. हिस्कियोचं नाक वाकडं बसलं, दुकान चालू आहे, पण गाणं गुणगुणलं की गिऱ्हाईकं हसतात म्हणून तो मुकाट मांस तोडतो. उरलेली निम्मी घरं, आणि पलीकडच्या उझबेक मोहल्ल्यातली बरीचशी, सिव्योलाच बोलवतात. सिव्योनं नवे डफ घेतले. मफ्रातचा पाय नीट जुळला नाही, ती आता बसून हातांनीच नाचते. सिव्यो खोल्यांतली गाणी स्वतःच टेप करून देते, दोन्ही बाजू. मेंदीचं, फणीचं, म्हातारपणी एकीला दुसरीचे पाय चेपावे लागतात त्याचं. समरकंदला, ताश्कंदला, आणखी कुठकुठं त्या कॅसेट जातात ते तिलाही माहीत नाही. बाईनं बाईवर रचलेलं आमच्या बोलीत याआधी कुणी असं नाव लावून सोडलेलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात दुशान्ब्याहून एक कॅसेट आली. पाठवणारीचं नाव नाही. आईबरोबर मीही गेलो होतो, टेप दुरुस्त करून द्यायला. त्यात कुणी अनोळखी बाई, कोवळ्या आवाजाची, तेच गाणं म्हणत होती. शेवटचं कडवं आलं.

"झुलाय म्हणते, तोवो, लाव दाराला तू कडी..."

सिव्यो उसळली. "माझं गाणं! माझं नाव काढून स्वतःचं घातलं! कोण ही झुलाय, आणि कोण तिची ही तोवो? आणि ठेका बघ, ठेका बघ मेलीचा, दुसऱ्या ओळीला लंगडतोय. समोर असती तर मनगटावर छडी ओढली असती."

टेप संपली, खरखर सुरू झाली. सिव्योनं शिव्या देत हात लांब केला, टेप मागे फिरवली आणि आवाज वाढवला.